इंदूरचे दोन दिवस : वाचक मेळाव्याला येणाऱ्या कादंबरीकाराने करावयाची तयारी

इंदूरमधील मराठी वाचकांच्या मेळाव्याला येणाऱ्या पाहुण्या लेखकांची ने-आण, उतरण्याची सोय आणि पुस्तकविक्रीचे टेबल ही तीन कामे गेली काही वर्षे माझ्या वाट्याला येत आहेत. या काळात एक गोष्ट पक्की ध्यानात आली आहे. मंचावरचा तासभर लेखक आपल्या बळावर निभावून नेतो. पण त्याच्या आधीचे आणि नंतरचे जे सुटे तास असतात त्यांची आखणी कोणीच केलेली नसते, आणि दौरा बिघडतो तो तिथेच. पुस्तकांची खोकी वेळेवर येत नाहीत, स्वाक्षरीची रांग जेवणाच्या पंगतीत घुसते, किंवा आदल्या रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात आग्रहाने खाल्लेल्या चार पदार्थांमुळे सकाळच्या वाचनात आवाजच उमटत नाही.

हे मार्गदर्शन रहस्यकथा, विज्ञानकथा किंवा ऐतिहासिक कादंबऱ्यांची मालिका लिहिणाऱ्या आणि प्रथमच इंदूरला येणाऱ्या लेखक-लेखिकांसाठी आहे. ‘मेळावा’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. संमेलन इंदूरला नवे नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे १९१७, १९३५ आणि २००१ अशा तीन वेळा भरले. संमेलनात श्रोते भाषण ऐकायला येतात. मेळाव्यात चाहते येतात, आणि चाहत्याला तुमच्या नायकाच्या घरातले जिने किती आहेत हे तुमच्यापेक्षा जास्त पाठ असते. दोन्हींची तयारी वेगळी.

निमंत्रण आल्यानंतरचा पहिला पंधरवडा

निमंत्रण बहुधा फोनवर येते आणि होकारही फोनवरच दिला जातो. त्यात गैर काही नाही, परंतु त्याच आठवड्यात एक सविस्तर पत्र किंवा ई-मेल आपण होऊन पाठवावा आणि त्यात पाच गोष्टी विचाराव्यात : कार्यक्रम एक की अनेक, प्रत्येकाची वेळ आणि लांबी किती, सभागृह कोणते, पुस्तके कोण आणणार, आणि प्रवास व निवासाचा खर्च कोणाकडे. मानधनाविषयी विचारायला मराठी लेखक संकोचतो आणि मराठी संयोजक त्या संकोचाचा कळत-नकळत फायदा घेतो, हे मी संयोजकांच्या बाजूला बसून कबूल करतो. मानधन आहे की नाही, असल्यास किती आणि करकपात होणार असल्यास पॅन क्रमांक कोणाला द्यायचा, एवढे एका ओळीत विचारून टाकावे. मानधन नसेल आणि तरीही यायचे असेल तर तसे मोकळेपणाने ठरवावे. मनात ठेवून येऊ नये.

तारीख ठरवताना इंदूरचे पंचांग पाहावे लागते. रंगपंचमीला राजवाड्याच्या परिसरात जी ‘गेर’, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तिच्या दिवशी जुन्या शहरात वाहन शिरत नाही आणि माणूस कोरडा राहत नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झाक्यांची, म्हणजे चित्ररथांची, मिरवणूक पहाटेपर्यंत चालते. गणेशोत्सवात मराठी मंडळींचे स्वतःचेच कार्यक्रम ठिकठिकाणी असल्याने गर्दी विभागली जाते. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असतो. मला विचाराल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. दिवसा ऊन सोसते आणि ज्या ‘शब-ए-मालवा’चे, म्हणजे माळव्याच्या रात्रीचे, कौतुक सांगितले जाते ती रात्र स्वेटर घालूनच अनुभवावी लागते. पुण्या-मुंबईचे पाहुणे स्वेटर विसरतात आणि मग यजमानांच्या शालीत मुलाखत देतात.

प्रवास

मुंबईहून येणाऱ्यांसाठी अवंतिका एक्सप्रेस सोयीची आहे. संध्याकाळी मुंबई सेंट्रलहून निघून बडोदा, रतलाम, उज्जैनमार्गे ती सकाळी इंदूरला पोहोचते. पुण्याहूनही थेट गाडी आहे, पण तीही गुजरातेतून वळसा घालूनच येते. मनमाड ते इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. तो होईपर्यंत नाशिक-धुळ्याकडच्या लेखकांना आग्रा रस्त्याने सेंधव्यावरून येणारी बसच जवळची. रेल्वेचे आगाऊ आरक्षण आता प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते, म्हणून तारीख ठरली की तो साठावा दिवस दिनदर्शिकेत लिहून ठेवावा. विमानाने आल्यास देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ शहरापासून आठ-एक किलोमीटरवर आहे.

कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी असेल तर शनिवारी सकाळी पोहोचणे मला धोक्याचे वाटत नाही. मात्र कार्यक्रम सकाळी अकराचा असेल तर आदल्या रात्रीच मुक्कामाला यावे. हिवाळ्यात उत्तरेकडील धुक्याने विमानांचे वेळापत्रक विस्कटते आणि दिल्लीहून येणारे विमान अडकले की त्याच विमानाने पुढे जायचे प्रवासीही अडकतात. परतीचे तिकीट काढताना शेवटचा कार्यक्रम संपण्याची छापील वेळ आणि गाडी सुटण्याची वेळ यांत किमान चार तास ठेवावेत. छापील वेळेला कार्यक्रम संपल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

पुस्तकांची व्यवस्था

या भागावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण लेखकाला घरी परतल्यावर सर्वांत जास्त हळहळ याचीच लागते. इंदूरमध्ये नवे मराठी पुस्तक सहज हाताशी येत नाही. संस्थांची ग्रंथालये आहेत, महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या जुन्या संस्था वाचनसंस्कृती टिकवून आहेत. पण दुकानात जाऊन गेल्या महिन्यात निघालेली मराठी कादंबरी उचलावी अशी सोय पुण्यात जशी आहे तशी येथे नाही. वाचक ऑनलाइन मागवतो, किंवा पुण्याला मुलीकडे गेलेल्या काकूंना यादी देतो. म्हणून मेळाव्यात लेखक आपल्या पुस्तकांसह आला की विक्री अपेक्षेपेक्षा जास्त होते, आणि प्रती संपल्या की माणसे खरोखरच खट्टू होतात.

किती प्रती आणाव्यात, याचे गणित मी असे मांडतो. सभागृहात जितक्या खुर्च्या भरणार असा संयोजकांचा प्रामाणिक अंदाज असेल त्याच्या एक-तृतीयांश इतक्या प्रती नव्या कादंबरीच्या, आणि तेवढ्याच प्रती मालिकेच्या पहिल्या भागाच्या. पहिला भाग न आणणे ही प्रकाशकांची नेहमीची चूक आहे. ज्याने मालिका वाचलेली नाही तो मुलाखत ऐकून उत्सुक होतो आणि टेबलापाशी येऊन ‘सुरुवात कुठून करू?’ असे विचारतो. त्याच्या हातात आपण पाचवा भाग ठेवू शकत नाही. मधले भाग चार-सहा प्रतींपुरते पुरेत.

आता वजन. सुमारे तीनशे पानांची डेमी आकाराची कादंबरी साडेतीनशे ते चारशे ग्रॅम भरते, म्हणजे चाळीस प्रती पंधरा किलोच्या आसपास जातात, आणि देशांतर्गत विमानात बहुतेक कंपन्या तेवढेच सामान विनाशुल्क नेऊ देतात. कपडे मग खांद्यावरच्या पिशवीत. रेल्वेच्या तृतीय श्रेणी वातानुकूलित डब्यात माणशी चाळीस किलो चालतात, पण दोन जड खोकी फलाटावरून एकट्याने ओढण्याचे वय सगळ्यांचे नसते. टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ ही पुस्तकांसाठीची सेवा २०२५ पासून सुरू आहे. तिच्यात पाच किलोपर्यंतचे पाकीट स्वस्तात जाते आणि त्याचा मागही लागतो. मात्र ते जमिनीवरच्या वाहतुकीने जाते, म्हणून पाठवायचे असेल तर पंधरा दिवस हाताशी ठेवून पाठवावे. मोठी खेप असेल तर माल वाहतूक कंपनी हाच मार्ग उरतो.

या शेवटच्या मार्गाने एकदा आमची चांगलीच फजिती झाली. नव्या कादंबरीच्या साठ प्रती शुक्रवारी संध्याकाळीच शहराच्या वेशीवरील गोदामात येऊन पडल्या होत्या. परंतु बिल्टीवर, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीवर, घेणाऱ्याचे नाव संस्थेचे आणि मोबाइल क्रमांक प्रकाशकाच्या पुण्यातील कार्यालयाचा होता. गोदामवाल्याने त्या क्रमांकावर फोन केला, कार्यालय शनिवारी बंद होते, आणि रविवारी गोदाम बंद. सोमवारी सकाळी खोकी माझ्या घरी आली तेव्हा लेखक महाशय पुण्यात पोहोचले होते. तेव्हापासून माझा नियम असा आहे : बिल्टीवर इंदुरातील ज्या माणसाने प्रत्यक्ष माल उतरवून घ्यायचा त्याचेच नाव आणि त्याचाच क्रमांक; बिल्टीचे छायाचित्र त्याच दिवशी त्याच्याकडे; आणि माल कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी पोहोचेल असा पाठवायचा. याखेरीज लेखकाने स्वतःच्या सामानात दहा प्रती ठेवाव्यात. खोकी हरवली तरी मंचावर दाखवायला आणि पहिल्या रांगेतल्या आजींना द्यायला त्या उपयोगी पडतात.

विक्री कोण करणार, सवलत किती आणि पैसे कोणाच्या खात्यात जाणार हे आधी ठरवावे. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही, त्यामुळे हिशेब सरळ असतो. गुंता होतो तो क्यूआर कोडचा. संस्थेचा कोड टेबलावर असेल तर मेळाव्याची वर्गणी, चहाचे पैसे आणि पुस्तकांचे पैसे एकाच खात्यात जातात आणि नंतर कोणते कशाचे हे सांगता येत नाही. प्रकाशकाचा स्वतंत्र कोड छापून आणून टेबलावर चिकटपट्टीने चिकटवावा, आणि एका वहीत प्रत्येक विक्रीसमोर ‘रोख’ किंवा ‘ऑनलाइन’ एवढे लिहायला एखाद्या कॉलेजातल्या मुलाला बसवावे.

मुक्काम

यजमान आपल्या घरी उतरण्याचा आग्रह करतील. तो आग्रह मनापासूनचा असतो आणि घरही बहुधा प्रशस्त असते. तरीही मी पाहुण्यांना हॉटेलच सुचवतो. घरी उतरलेल्या लेखकाला भेटायला रात्री अकरापर्यंत शेजारी येत राहतात आणि सकाळी सहाला काका चहा घेऊन दार वाजवतात. हॉटेल सभागृहाच्या जवळ असावे. कार्यक्रम रवींद्र नाट्यगृहात किंवा त्या बाजूला असेल तर नवे आणि चकचकीत म्हणून विजयनगरात उतरू नये, कारण शनिवारी संध्याकाळी तेथून निघून वाहनांच्या गर्दीतून वाट काढण्यात जो वेळ जातो तो विश्रांतीतून वजा होतो. यजमानांच्या घरी एक जेवण मात्र अवश्य घ्यावे आणि तेही रविवारी दुपारी, सर्व कामे उरकल्यावर.

ऐकणारा कोण आहे

वाचनासाठी कोणता उतारा निवडावा हे ठरवण्याआधी समोर कोण बसणार हे समजून घेतले पाहिजे, आणि येथे बाहेरून येणाऱ्या बऱ्याच लेखकांचा अंदाज चुकतो. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली, पण मराठी घराणी त्याआधीपासून माळव्यात आहेत. कोणी कारभारी म्हणून आले, कोणी शिलेदार म्हणून, कोणी पूजेअर्चेसाठी आणि पुढे कोणी शाळा-कॉलेजांत शिकवायला. या घरांतून पाच-सहा पिढ्या मराठी बोलली जात आहे. म्हणून ‘महाराष्ट्राबाहेर राहून तुम्ही किती छान मराठी बोलता!’ हे वाक्य कृपा करून मंचावरून उच्चारू नये. बोलणाऱ्याला ते कौतुक वाटते. ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते. त्याचप्रमाणे कोणी ‘मी येऊन राहिलो आहे’ म्हणाले तर ते दुरुस्त करू नये. ती येथली मराठी आहे.

खरा प्रश्न वेगळाच आहे. साठीच्या पुढचे वाचक मराठी वाचत मोठे झाले. चाळिशीतले वाचतात, पण सावकाश. विशीतल्या मुलामुलींचे शिक्षण हिंदीतून किंवा इंग्रजीतून झालेले असते. त्यांना देवनागरी वाचता येते, घरातली मराठी समजते, पण छापील मराठीचे लांब वाक्य समोर आले की ती अडखळतात. ती तुमच्या कादंबरीची चाहती झाली ती बहुधा ऑडिओबुकमुळे, किंवा आजीने मोठ्याने वाचून दाखवल्यामुळे. मराठी त्यांच्या कानात आहे. म्हणून मेळाव्यातले अभिवाचन हा औपचारिक कार्यक्रम राहत नाही. कित्येकांसाठी कादंबरी भेटण्याची ती मुख्य जागा असते, आणि तिची तयारी मुलाखतीपेक्षा जास्त मन लावून करावी.

उतारा दहा मिनिटांचा घ्यावा. मोठ्याने, विरामांसह वाचताना मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द होतात, म्हणजे बाराशे शब्द पुरे. संवाद भरपूर असावेत आणि पात्रे तीनहून अधिक नसावीत. निसर्गवर्णनाने सुरू होणारा उतारा, तो तुम्हाला कितीही प्रिय असला तरी, घेऊ नये. घरच्या प्रिंटरवर मोठ्या टायपात कागदाच्या एकाच बाजूला छापून आणावा. मोबाइलवरून वाचणाऱ्या लेखकाच्या वाचनात मध्येच फोन वाजतो, आणि रहस्यकथेतील खुनाच्या प्रसंगी तो वाजला तर सभागृह हसते.

त्यातही हिंदीच्या कानाला वेगळे ऐकू येणारे मराठी शब्द आधी शोधून ठेवावेत. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, हिंदीत प्रयत्न. एका लेखिकेने वाचलेल्या उताऱ्यात ‘खोली खालीच होती’ असे वाक्य होते, म्हणजे तळमजल्यावर होती; पण मागच्या रांगेतल्या मुलांनी ‘खोली रिकामीच होती’ असे ऐकले, आणि पुढच्या पानावर त्याच खोलीत प्रेत सापडल्यावर त्यांना तो कथेतला दोष वाटला. प्रश्नोत्तरांत त्यांनी तो अभिमानाने दाखवूनही दिला. उपाय म्हणून शब्द बदलण्याची गरज नाही. वाचताना ‘खाली, तळमजल्यावर’ असा एक शब्द जोडला की काम होते. असे दोन-चार शब्द कागदावर पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवावेत.

अप्रकाशित प्रकरण वाचणार असाल तर प्रकाशकाला आधी विचारावे आणि संयोजकांकडून चित्रीकरण होणार नाही असे ठरवून घ्यावे. तरीही कोणीतरी मोबाइल उंच धरणारच. तेव्हा ज्या प्रकरणातून शेवट फुटतो ते प्रकरण घरीच ठेवलेले बरे.

मुलाखत आणि प्रश्न

मुलाखतकाराशी आदल्या दिवशी अर्धा तास बोलावे, पण प्रश्न पाठ करू नयेत. एवढेच विचारावे की त्याने मालिकेतली कोणती पुस्तके वाचली आहेत, आणि कोणत्या पुस्तकाचा शेवट मंचावर उघड करायचा नाही यावर एकमत करावे. सभागृहात निम्मे लोक तरी शेवटच्या भागापर्यंत आलेले नसतात.

चाहत्यांचे प्रश्न तीन प्रकारचे असतात. पुढचा भाग कधी, हा पहिला; त्याला महिना सांगू नये, कितवे प्रकरण चालू आहे तेवढे सांगावे. अमुक पात्राला का मारले, हा दुसरा आणि याचे उत्तर हसण्यावारी नेऊ नये, कारण विचारणाऱ्याने ते मरण खरेच लावून घेतलेले असते. तिसरा प्रकार चुका काढणाऱ्यांचा. दुसऱ्या भागात हवालदार डावखुरा होता आणि चौथ्या भागात त्याने उजव्या हाताने सही केली, असे पान क्रमांकासह सांगणारा एक तरी वाचक असतोच. यासाठी लेखकाने आपल्या मालिकेची एक वही जवळ ठेवावी, तीत पात्रांची वये, नाती, घटनांची साले आणि घरांचे नकाशे असावेत. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री ती एकदा वाचून काढावी. चूक खरी असेल तर मान्य करून पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करण्याचे सांगावे आणि त्या वाचकाचे नाव-पत्ता तेथेच टिपून घ्यावा. ‘ते मी मुद्दामच केले आहे’ हे उत्तर कोणालाही पटत नाही.

काही मुले पात्रांचे वेश करून येतात. त्यांच्याबरोबर छायाचित्र काढावेच. पण लहान मुलांचे छायाचित्र आपल्या समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी आई-वडिलांना विचारावे.

स्वाक्षरीचे टेबल

स्वाक्षरीचा कार्यक्रम जेवणाच्या सुट्टीत ठेवण्याची संयोजकांना खोड असते. ती मोडून काढावी. एका वाचकाला दीड मिनिट धरले तर साठ वाचकांना नव्वद मिनिटे लागतात. हा आकडा संयोजकांना आधीच कळवावा, म्हणजे ते वेळापत्रकात तेवढी जागा ठेवतात. टेबल सभागृहाच्या दाराशी नको, कारण रांगेमुळे वाट अडते. व्हरांड्याच्या टोकाला, पंख्याखाली आणि भिंतीकडे पाठ करून असावे. रांगेत ज्येष्ठ मंडळी बरीच असतात, म्हणून टोकन देऊन त्यांना खुर्च्यांवर बसवावे. एका वेळी दोनच पुस्तकांवर सही, उरलेली घेऊन रांगेच्या शेवटी पुन्हा यावे, हा नियम माणसाने तोंडी सांगितला तर भांडण होते. पाटीवर लिहिला तर सगळे निमूट पाळतात.

दोन मदतनीस मागावेत. पहिला रांगेतल्या प्रत्येकाकडून नाव चिठ्ठीवर लिहून घेतो आणि ती चिठ्ठी सही करायच्या पानात घालतो. दुसरा वाचकाचा मोबाइल घेऊन छायाचित्र काढतो. पहिल्या मदतनिसाचे काम इंदुरात विशेष महत्त्वाचे आहे. येथील अनेकांची कागदपत्रे हिंदी वळणाची असल्याने ती आपली नावे ‘स्वाति’, ‘प्रीति’, ‘ज्योति’ अशी ऱ्हस्व लिहितात. आपल्या हातून सवयीने दीर्घ ‘ती’ पडते आणि समोरची मुलगी नम्रपणे ‘सर, माझी छोटी आहे’ म्हणते. शुद्धलेखनाचा वाद घालण्याची ती जागा नव्हे. माणूस आपले नाव जसे लिहितो तसेच लिहावे. गावाचे नाव मात्र मी लेखकांना ‘इंदूर’ असेच लिहायला सांगतो, कारण शहरातील पाट्यांवर सर्वत्र ‘इंदौर’ असते आणि आपल्या घरातला उच्चार पुस्तकावर उमटलेला पाहून जुन्या माणसांचे डोळे निवतात.

सही शीर्षकपानावर करावी, मुखपृष्ठाच्या आतल्या गुळगुळीत बाजूवर नको. तिथे जेल पेनची शाई वाळत नाही आणि समोरच्या पानावर उमटते. साध्या बॉलपेनांची जोडी आणि पाण्याने न पसरणाऱ्या शाईचे एक पेन आणावे. चाळीस सह्यांनंतर मनगट दुखते, तेव्हा पाच मिनिटे उठावे. रांग थांबते, रागावत नाही.

टेबलापाशी दोन अवघड माणसे येतात. एक आपले हस्तलिखित घेऊन येतो. ते हातात घेतले की वाचण्याचे आणि मत कळवण्याचे बंधन आलेच. म्हणून घेऊ नये आणि ‘पहिली वीस पाने प्रकाशकाकडे पाठवा’ असे सांगून प्रकाशकाचा पत्ता द्यावा. यासाठी पत्त्याची दहा-वीस कार्डे खिशात असावीत. दुसरा तुमच्या कादंबरीची झेरॉक्स प्रत स्पायरल बांधून आणतो, आणि ती त्याने प्रेमाने चार वेळा वाचलेली असते. त्या प्रतीवर सही करू नये, आणि त्याला रांगेत लाजवूही नये. कोऱ्या कार्डावर त्याच्या नावाने दोन ओळी लिहून द्याव्यात आणि मूळ पुस्तक टेबलावर आहे हे सांगावे. बहुतेक जण ते विकत घेऊनच परत येतात.

खाणे आणि फिरणे

सराफा पाहिल्याशिवाय इंदूरहून कोणी सोडणार नाही. दिवसा सोन्या-चांदीची दुकाने आणि रात्री ती मिटली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याच्या गाड्या, असा तो बाजार राजवाड्याच्या मागे भरतो व मध्यरात्रीनंतरही चालू असतो. भुट्ट्याचा कीस, दहीवडा, खोबऱ्याचे पॅटिस, हिवाळ्यात तळून मसाला भुरभुरलेला गराडू नावाचा कंद आणि शेवटी ताटाएवढा जलेबा, हे सर्व खावे. परंतु कार्यक्रम संपल्यानंतरच्या रात्री. आदल्या रात्री आग्रह झाला तर सरळ घशाचे कारण सांगावे. रात्र एकच असेल आणि सकाळी वाचन असेल तर सराफा सोडून सकाळी पोहे-जिलबीवर समाधान मानावे. येथले पोहे वाफेवरचे असतात, त्यात तेल बेताचे असते, आणि वर शेव व जिरावण ही मसाल्याची पूड घातलेले हे पोहे घशाला त्रास देत नाहीत. छप्पन दुकान येथे ते बसून खाता येतात. रिकामी पानवाटी रस्त्यावर टाकू नये. स्वच्छतेत पहिला क्रमांक २०१७ पासून सलग मिळवलेल्या या शहरात पाहुण्यालाही कोणीतरी हटकते, आणि ते प्रसिद्ध लेखकाला शोभत नाही.

उज्जैन सुमारे पंचावन्न किलोमीटर, महेश्वर नव्वदच्या आसपास. यजमान दोन्ही दाखवायला तयार असतात. दोन दिवसांच्या दौऱ्यात दोन्हींना नाही म्हणावे. ऐतिहासिक कादंबरी लिहीत असाल आणि अहिल्याबाईंचा घाट पाहायचाच असेल तर तिसरा दिवस काढून स्वतंत्र जावे. रविवारी सकाळी सातला उठून राजवाडा आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्या पायी पाहून येणे मात्र जमते. त्या वेळी तिथे फुलवाले आणि कबुतरे यांखेरीज फारसे कोणी नसते.

निघण्यापूर्वी

सत्काराची शाल घडी करून बॅगेत जाते. श्रीफळाचे काय करायचे हा प्रश्न विमानाने जाणाऱ्यांना विमानतळावर पडतो, कारण केबिनच्या सामानात अख्खा नारळ नेऊ देत नाहीत. तो यजमानांच्या देवघरात ठेवून निघावे, त्यात त्यांनाही बरे वाटते. पुष्पगुच्छ मंचावरच्या निवेदिकेला द्यावा. शेव आणि जिरावणाची पाकिटे चेक-इन सामानात घालावीत, कारण मसाल्याची पूड हातातल्या पिशवीत असली की तपासणीत अडते.

उरलेल्या प्रतींचा हिशेब सभागृहातच करावा. स्टेशनवर किंवा गाडीत करू नये. आणलेल्या, विकलेल्या, भेट दिलेल्या आणि उरलेल्या प्रतींचे चार आकडे एका कागदावर लिहून त्यावर लेखकाची आणि संयोजकांपैकी एकाची सही घ्यावी व त्याचे छायाचित्र प्रकाशकाला पाठवावे. उरलेल्या प्रती परत नेण्याचा खटाटोप करण्यापेक्षा त्यांतल्या दोन स्थानिक ग्रंथालयाला भेट द्याव्यात आणि बाकीच्या एका जबाबदार वाचकाकडे विक्रीसाठी ठेवाव्यात. मेळाव्याला येऊ न शकलेले लोक पुढचे दोन आठवडे मला फोन करून विचारत असतात, आणि दरवर्षी माझ्या कपाटातल्या प्रती महिन्याभरात संपतात. हवालदाराचा डावा हात दाखवून देणाऱ्या वाचकाचा पत्ता मात्र वहीतून हरवू देऊ नये. दुरुस्त आवृत्ती निघाली की पहिली प्रत त्याच पत्त्यावर पाठवायची आहे.